खोली नंबर दोन

शाळू उपटायला आला की लोकांना हुरड्याची चव आठवते. मला निकाल आठवतो. त्यात माझा काही दोष नाही. आमच्याकडं झेडपीची निवडणूक नेमकी त्याच दिवसांत येते. रानात ज्वारी वाळून खडखडत असते आणि रस्त्यावर भोंगा लावलेली रिक्षा बोंबलत असते. परवा मी दौंडच्या बाजारात भाजीला निघाले, तर दारापुढंच एक रिक्षा उभी. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक तरणाबांड गडी खाली उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "वहिनी, लक्ष असू द्या." मी म्हणलं, "माझं असतंय. तुमचं कुठं असतंय?" तो हसला. कुणी काही बोललं की हसायचं, हे त्यांना आधी शिकवतात आणि मग शर्ट देतात.

मला पुढाऱ्यांचा राग येत नाही. राग यायला समोरचं माणूस निदान आपल्या खांद्याला तरी लागावं. मला किळस येते, भाकरीच्या टोपल्यात झुरळ निघाल्यावर येते तशी. आमच्या मालकांना हे पटत नाही. ते रेल्वेत आहेत, रोज पेपर वाचतात, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मला वाचून दाखवतात, की अमक्या गटात मतदारांचा कल बदलला. कल कसला डोंबलाचा. कल बदलतो म्हणजे काय होतं, ते मी माझ्या लग्नात बघितलंय.

माझं माहेर घोड नदीच्या काठाला, निमोण्याच्या बाजूला, तालुका शिरूर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव मीटिंग घेईल, आणि आमच्या गावानं मीटिंग घेतली की कुणाचं तरी पाणी बंद होतं.

लहानपणी मी बघितलं ते कागदाचं मतदान. शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. मोजणी शिरूरला व्हायची, आणि मोजायच्या आधी सगळ्या गावांच्या पत्रिका एकत्र कालवायचे. म्हणजे कोणत्या गावानं कुणाला किती मतं दिली, ते कुणाच्या बापाला कळत नसे. त्या कालवाकालवीत आमची बौद्धवस्ती सुखी होती. निवडणूक आली की आप्पा विहारापुढं येऊन उभे राहायचे आणि उमेदवाराला सांगायचे, "ही समदी आपलीच माणसं हायती." वस्ती मान डोलवायची. मग जो तो आत जाऊन आपल्या मनाला येईल तिथं शिक्का मारायचा. माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, तो म्हणायचा, "हात त्यांना जोडायचं, शिक्का आपल्याला ठावं." निकाल लागला की आप्पा छाती काढून सांगत, गावानं लीड दिला. शेजारच्या गावचा पुढारीही तेच सांगे, त्याच्या पलीकडचाही तेच. सगळ्यांनीच लीड दिला, तर माणूस पडला कसा, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे कारभारी. सोसायटीत ते, डेअरीत ते, सरपंच कुणीही असो, पंचायतीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडं. मी त्यांना अजून अहो-जाहो करते. मान म्हणून नाही, आईनं जिभेला तसं वळण लावलंय म्हणून.

मग यंत्रं आली. बटण दाबलं की चीं वाजायचं, म्हाताऱ्या दचकायच्या. पण खरी दचकायची गोष्ट मोजणीत होती. आता कालवाकालवी बंद. एकेक यंत्र उघडायचं आणि त्याच्यातली मतं मोठ्यानं सांगायची. म्हणजे कोणत्या गावच्या कोणत्या खोलीनं काय केलं, ते दुपारच्या जेवणाआधी सगळ्या तालुक्याला ठाऊक. पुढाऱ्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू. आजवर नुसता संशय होता, आता आकडा हातात आला.

आमच्या शाळेत मतदानाला दोन खोल्या असत. एक नंबरात गावठाण, दोन नंबरात आमची वस्ती आणि ओढ्यापलीकडची चार घरं. हे इतकी वर्षं चाललं, की वस्तीचं नावच दोन नंबर पडलं. दुकानात गेले तर दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, "थांबा, दोन नंबरची पोरगी कवाची उभी हाय."

त्या साली माझं लग्न ठरलं होतं. स्थळ दौंडचं. आणि त्याच साली मला पहिलं मत होतं, झेडपीचं. मतदारयाद्या नव्यानं झाल्या होत्या आणि त्यात कुणाच्या तरी हातून उलटापालट झाली होती. वस्ती एक नंबरच्या खोलीत गेली आणि गावठाण दोन नंबरात आलं. सकाळी थोडा गोंधळ झाला, म्हाताऱ्या नेहमीच्या दारातून परत फिरल्या, मग सगळं सुरळीत झालं. मी आणि आई एक नंबरच्या रांगेत उभ्या होतो. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन नंबरच्या दारातून आप्पा बाहेर आले. कडक टोपी, बोटाला ताजी शाई. मला बघून लांबूनच म्हणाले, "काय नवरीबाई, पहिलं मत का?" मी लाजले. लाजायची काही गरज नव्हती, हे आता कळतं.

आप्पांचा उमेदवार पडला. थोडक्यात पडला, म्हणून जास्त झोंबलं. आप्पांचा पुतण्या मोजणीला शिरूरच्या गोदामात बसला होता. त्यानं तिथून फोन केला, की एक नंबरनं तारलं, दोन नंबरनं मारलं. डेअरीपुढं सगळं गावठाण जमलं होतं. आप्पा मोठ्यानं म्हणाले, "दोन नंबरनं घात केला." झालं. पुढचं कुणी ऐकलंच नाही.

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी आम्हाला कळलं ते एवढंच, की नळाला पाणी आलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं मोटार जळाली. दुसऱ्या दिवशी दिसलं, की गावठाणात बायका नळावर भांडतायत, म्हणजे पाणी आहे. शाळू उपटणीला आला होता, दरसाल आईला आणि वस्तीतल्या बायांना पहाटेच निरोप असायचा. त्या साली निरोपच नाही. पलीकडच्या गावातून टेम्पो भरून बाया आणल्या. आमच्या बाया दारात बसून ते टेम्पो जाताना बघायच्या. आबा ज्याच्या विहिरीवर पाणी मागायला जाई, त्याची नेमकी लाईट गेलेली असे. मोटार शेजारी धडाधड चालू, पाट भरून वाहतोय, आणि तो माणूस तोंडावर सांगायचा, "लाईट न्हाई, काय करू?" कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. सगळे गोड बोलायचे. मारणारा हात दिसतो तरी. ह्यांचं सगळंच गुळात भिजवलेलं.

आम्ही नदीवर जायला लागलो. घोड त्या दिवसांत आटत आलेली, डबक्यातलं पाणी वाटीनं कळशीत भरायचं. ह्याच नदीच्या काठाला इनामगाव आहे. तिथं हजारो वर्षांपूर्वीचं गाव उकरून काढलंय म्हणतात. शाळेत असताना आमची सहल नेली होती. गुरुजींनी सांगितलं, इथं एक मोठं घर होतं, शेजारी धान्याचं कोठार, आणि नदीचं पाणी वळवायला पाट. तेव्हा मला त्या मातीच्या ढिगाऱ्यात काही दिसलं नव्हतं. त्या फाल्गुनात मात्र वाटीनं पाणी भरताना मला ते मोठं घर लख्ख दिसलं. मोठं घर आहे, कोठार आहे, पाट आहे, म्हणजे पाटाचं तोंड कुणाच्या तरी हातात असणारच. आप्पा तेव्हाही होते. त्यांना फक्त फ्लेक्स लावता येत नव्हता.

पण मला तेव्हा इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. माझं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. वऱ्हाड दौंडहून दोन ट्रक भरून येणार. मंडप विहारापुढच्या पटांगणात. जेवणाचं सगळं झालं होतं, आचारी ठरला होता, पांढरी साडी आली होती. पाण्याचं काय? आबाला दुसरं काही सुचेना. मुलीच्या बापानं वऱ्हाडाच्या हातात पहिल्यांदा काय द्यायचं असतं, तर तांब्या. त्याचीच सोय नाही. टँकर आणावा तर आजूबाजूचे टँकर सगळे आप्पांच्या गोतावळ्यातले. उरला एकच मार्ग. दौंडला व्याह्यांना निरोप द्यायचा, की येताना पाणी घेऊन या. आबा तीन वेळा गावातल्या फोनच्या दुकानात गेला आणि फोन न लावताच परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा उंबऱ्यावर बसून राहिला. आईला म्हणाला, "कसं सांगू गं? पोरगी देतो, पाणी तुमचं आणा?" माझ्या बापाला मी रडताना कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही तो रडला नाही, नुसता जमिनीवर काडीनं रेघा मारत बसला. मला वाटलं, मोडलं तर मोडू दे लग्न, पण ह्या माणसाला तो फोन लावायला लागू नये.

आई उठली. ती आमच्यातली कमी बोलणारी. पंचायतीचा शिपाई किसन संध्याकाळी टाकीपाशी पाणी सोडायला यायचा, लोखंडी लांब चावी खांद्यावर टाकून. आईनं त्याला तिथं गाठला. मी मागं होते.

"किसन, आमी काय पाप केलं रं?"

"मला नका इचारू, काकू. वरनं सांगितलंय."

"वरनं म्हंजी? आभाळातनं?"

किसन इकडंतिकडं बघायला लागला. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेलीच माणसं असली कामं करतात, वाईट माणसांना चावी फिरवायला वेळ कुठं असतो. शेवटी तो म्हणाला, "आप्पानं सांगितलंय. निवडणुकीत दोन नंबरनं घात केला. समद्या गावाला ठावं हाय."

"कुठल्या दोन नंबरनं?"

"तुमच्या."

आई एक पाऊल पुढं सरकली. मग म्हणाली, "आरं पण औंदा आमी एक नंबरात व्हतो की."

किसनच्या खांद्यावरची चावी खाली आली. "व्हय की," तो म्हणाला. "मी सवता दोन नंबरात जाऊन आलो." आणि तो हसायला लागला, मग एकदम घाबरून त्यानं चावी परत खांद्यावर घेतली.

इतके दिवस आमचा गुन्हा काय ते कुणी तोंडानं बोललं नव्हतं. बोललं असतं तर पहिल्याच दिवशी विहाराच्या पायरीवर बसणाऱ्या म्हातारीनंही सांगितलं असतं, की बाबा, खोल्या बदलल्या. म्हणून तर बोलले नाहीत. आमच्या गावात शिक्षा आधी देतात, आरोप ज्याचा त्यानं शोधायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई आप्पांच्या खळ्यावर गेली. मी म्हणलं, मी येते. हळद लागायची होती अजून. मळणीयंत्र चालू होतं, भुसा उडत होता, आप्पा लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. पुतण्या शेजारी. आई समोर जाऊन उभी राहिली. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि तिला ओरडायचं नव्हतं. बराच वेळ उभी राहिली. शेवटी आप्पांनीच हात करून यंत्र थांबवायला लावलं.

"काय गं, काय काम काढलं?"

"आप्पा, एक इचारायचं व्हतं. तुमी सवता मत कुठल्या खोलीत टाकलं?"

"कशापायी?"

"आमी एक नंबरात व्हतो. तुमी दोन नंबरातनं बाहेर आला. माझ्या पोरीला तुमी वट्यावरनं हाक मारली, नवरीबाई म्हणून. ध्यानात हाय का?"

पुतण्या मोबाईलमध्ये बघायला लागला. मजूर बाया कणसं हातात धरून थांबल्या. त्या दुसऱ्या गावच्या, त्यांना काही कळलं नसेल, पण कुणाची मान खाली गेली ते कुणालाही कळतं. आप्पांच्या टोपीवर भुसा बसला होता. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बरं," ते म्हणाले. "बघतो." आणि पुतण्याला म्हणाले, "मशिन चालू कर."

एवढंच. चुकलं म्हणाले नाहीत, पाणी सोडतो म्हणाले नाहीत. आई वळली आणि चालायला लागली. बांधावर आल्यावर तिचा पाय घसरला. मी हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड. बघत्यात."

संध्याकाळी नळ आला. धो धो आला, तोटी उडून जाईल असा. मी म्हणलं, आई, नको ह्यांचं पाणी. तर ती म्हणाली, "ह्यांचं कवापासनं झालं? भर." आबा नळाखाली हात धरून किती तरी वेळ बसला होता. हात भिजला, बाही भिजली, तरी उठेना. फोन लावायला लागला नाही.

आप्पांना खोल्या बदललेल्या माहीत नव्हत्या, हे मला आजतागायत पटलेलं नाही. स्वतःच्या पायानं चालत जो माणूस दोन नंबरात गेला, त्याला ते कळलं नाही? पुतण्या तर त्याच खोलीत दिवसभर एजंट म्हणून बसला होता. कळलं होतं. पण कळलं म्हणून सांगायचं, तर मग मारलं कुणी, हेही सांगावं लागतं. गावठाण म्हणजे आप्पांची भावकी. घरातली, सोयऱ्याधायऱ्यांतली. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. खरं उघडं पडल्यावर भावकीचं पाणी बंद झालं का? कुणाची मोटार थांबली? छे. आप्पांनी बोकड कापला आणि सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं, समजूत घालायला. आम्ही घात केला तर पाणी बंद, त्यांनी केला तर रस्सा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि लग्नाला आप्पा आले. न बोलावता आले. पुढाऱ्याला लग्नाचं आमंत्रण लागत नाही, मंडपाचा भोंगा ऐकू आला की पुरे. आमच्याकडं लग्नात पुढाऱ्यानं माइकवर शुभेच्छा द्यायची रीतच आहे. वंदना झाली, हार घातले, आणि निवेदकानं नाव पुकारलं. आप्पा उठले, माइकवर दोनदा फुंकर मारली आणि म्हणाले, की ही आमचीच पोरगी, ही वस्ती आमचीच, आणि ह्या वस्तीला मी कधी पाण्याला कमी पडू देणार नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या. दौंडच्या पाहुण्यांना वाटलं, काय देवमाणूस आहे. मी पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं नवरीला भरून आलं. मी दात आवळून बसले होते.

ते खाली उतरले तेव्हा आई समोर आली, हातात तांब्या आणि पेला. "घ्या आप्पा," ती म्हणाली. "तुमच्याच नळाचं हाय." त्यांनी घेतलं आणि प्यायले. काय करणार, चारचौघांत.

दोन-अडीच वर्षांनी विधानसभा आली. दिवाळीच्या आधी. मी लेकीला घेऊन माहेरी आले होते, नाव अजून तिकडच्याच यादीत होतं. मधल्या काळात आप्पांनी झेंडा बदलला होता. ज्याला झेडपीला भावकीनं मतं दिली म्हणून बोकड कापावा लागला, आता त्याच बाजूला ते स्वतः जाऊन बसले होते. आमच्या दारात आले, आईच्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, "मागचं मनात धरू नका. औंदा वस्तीचा लीड पायजे मला." आई म्हणाली, "लक्षात हाय, आप्पा." त्यांना वाटलं, हो म्हणाली.

ते गेल्यावर वस्ती विहारात बसली. बायाही बसल्या. कुणी भाषण केलं नाही. आबा म्हणाला, आता कालवाकालवी न्हाई, जे करू ते उद्या दिसंल. म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून घेत होत्या. मग एकेकजण नुसता हो म्हणत गेला. या वेळी खोल्या पूर्ववत झाल्या होत्या. आम्ही दोन नंबरात गेलो, एकामागं एक.

मोजणीच्या दिवशी पहाटे आईनं मला हलवून उठवलं. नळ आला होता. पिंप भरलं, कळश्या, घागरी, पातेली, परात, कढई. मग शेजारणीकडूनही भांड्यांचे आवाज यायला लागले, पलीकडूनही. सगळी वस्ती पाणी भरत होती. शिरूरला अजून यंत्रांची सीलं निघायची होती. लेकीला अंघोळ घालायचा टब आईनं माझ्यापुढं सरकवला. मी म्हणलं, "आई, पुरे की आता. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही."

"भर," आई म्हणाली. "औंदा खरंच घात केलाय आपण."